गवताचा हिशेब

परवा संध्याकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. जुना म्हणजे तोही आता पन्नाशीला आला आहे, पण माझ्या लेखी अजून तिसऱ्या बाकावरचाच. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी शेतावर राहायला गेला, चार गायी घेतल्या आणि आता हौसेनं दोन घोड्याही घेतल्या आहेत. म्हणाला, "सर, गायींसाठी मक्याचा मुरघास भरलाय. घोड्यांनाही तोच घालू का? परदेशात म्हणे घोड्यांना असंच प्लॅस्टिकमध्ये मुरवलेलं गवत घालतात. तुम्ही तिकडे राहून आलात, तुम्हाला माहीत असेल."

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. घोड्यांशी माझा संबंध धड्यातल्या लढायांपुरता. तरीही नेमक्या या प्रश्नावर मला बोलता येतं. कारण याचं उत्तर मी एकदा चुकवलं होतं आणि त्या चुकीचे मार्क मला नाही, एका मुक्या जनावराला भोगावे लागले. फोनवर त्याला "मुरघास घालू नकोस" एवढंच सांगितलं. पण नुसतं उत्तर सांगून मोकळं व्हायची सवय मास्तराला नसते. रीत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी इंग्लंडला लेकीकडे गेलो. ही गेल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. एकट्याला घरात करमेना, म्हणून लेकीनं सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. लेक डर्बीशर परगण्यातल्या एका खेड्यात राहते. घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर एका शेतकऱ्याचं कुरण आणि दोन खणांचा तबेला तिनं भाड्यानं घेतला होता. त्यात दोन जनावरं. एक मेबल, अठरा वर्षांची तांबड्या रंगाची घोडी, वजन साडेचारशे किलोच्या घरात. दुसरं बिस्किट, म्हणजे नातीचं वेल्श जातीचं तट्टू, फार तर अडीचशे किलोचं. नात तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बिस्किटकडे पळायची, मग आजोबांकडे. मलाही उद्योग हवाच होता. लीद काढणं, पाणी बदलणं, गवताच्या जाळ्या भरणं ही कामं मी आनंदानं अंगावर घेतली.

मेबलला खोकला होता. गवताची जाळी टांगली की ती नाक खुपसायची आणि लगेच दोन-चार वेळा खोकायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा घोड्यांचा दमा. वाळलेलं गवत कितीही चांगलं दिसलं तरी त्यात धूळ आणि बुरशीचे बारीक कण असतात, आणि काही घोड्यांची श्वासनलिका त्यांनी चिडते. गवताच्या गंजीत वर्षानुवर्षं राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही याच कणांमुळे फुप्फुसाचा विकार जडतो. म्हणजे हे काही घोड्यांचेच चोचले आहेत असं समजू नये.

त्या वर्षी आणखी एक अडचण होती. २०१८ चा उन्हाळा तिकडे कडक आणि कोरडा गेला होता. गवत वाढलंच नाही. वाळल्या गवताच्या गासड्यांचे भाव चढले होते. अशात जवळच्याच एका शेतकऱ्यानं विचारलं, "हेलेजच्या गासड्या देऊ का? स्वस्तात देतो." पावसाळी हवा परतल्यावर फुटलेलं गवत त्यानं कापून मुरवलं होतं.

आता हे हेलेज काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ताज्या गवतात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. ते कापून, उन्हात पसरून, पुन्हा पुन्हा उलटून शंभर किलोत पंधरा किलो पाणी उरेपर्यंत वाळवलं की झालं वाळलेलं गवत. तिकडच्या हवेत त्यासाठी सलग तीन ते पाच कोरडे दिवस लागतात, आणि ते मिळतीलच असा भरवसा नाही. ओलसर राहिलेलं गवत बांधलं तर आत तापतं, बुरशी धरतं. प्रसंगी गंजीला आपोआप आग लागते. म्हणून दुसरी रीत निघाली. गवत एक-दोन दिवस सुकवायचं, शंभर किलोत तीस ते पन्नास किलो पाणी असतानाच आवळून गासडी बांधायची आणि तिच्याभोवती प्लॅस्टिकचे सहा-आठ वेढे गुंडाळायचे. आतली हवा संपते. मग दही लावणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू गवतातली थोडी साखर खाऊन आम्ल करतात आणि गवत टिकतं. हे हेलेज. यात धूळ जवळजवळ नसते.

आपला मुरघास याचाच थोरला भाऊ, पण तो कितीतरी ओला आणि आंबट. मुरघासात आम्ल भरपूर होतं आणि ते आम्लच त्याला राखतं. हेलेज त्या मानानं कोरडं, त्यामुळे त्यात आम्ल कमी तयार होतं. ते टिकतं मुख्यतः हवा लागत नाही म्हणून. प्लॅस्टिकला भोक पडलं किंवा गासडी फोडली की त्याचे दिवस भरत आले म्हणून समजा. हा फरक मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत नव्हता हे वाईट नाही. माहीत आहे असं मला वाटत होतं, हे वाईट.

माझा पुतण्या सांगलीकडे गायी पाळतो. त्याचा मुरघास मी पाहिलेला, हातात घेऊन हुंगलेला. त्या जोरावर मी लेकीला म्हणालो, "घेऊन टाक. आपल्याकडे गायी यावर दूध देतात. जनावर ते जनावर." लेक घुटमळली. म्हणाली, "बाबा, दोनच जनावरं आहेत आपली. एवढी मोठी गासडी..." मी म्हटलं, "संपेल गं." आणि गासडी आली. गोल, काळी, अडीचशे किलोची.

फोडली तेव्हा वास इतका सुरेख आला की मलाच खावीशी वाटली. आंबूस-गोड, जरासा तंबाखूसारखा. मेबलनं जाळीतून मान वर काढली नाही. दोन-तीन आठवड्यांत तिचा खोकला निम्म्यावर आला. मी घरात आणि फोनवर गावभर सांगत सुटलो की म्हाताऱ्याचा सल्ला कसा कामी आला.

पण गासडी संपत नव्हती. पाचव्या-सहाव्या दिवशी कडेला पांढरे ठिपके दिसू लागले. मी तेवढा भाग उपसून उकिरड्यावर टाकायचो आणि उरलेलं लवकर संपावं म्हणून जाळ्या दाबून भरायचो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस मी. सुकडी खाल्लेला, चाऱ्यावाचून दावणीला खंगणारी गुरं पाहिलेला. चांगलं गवत उकिरड्यावर टाकताना माझा हात थरथरायचा. मेबल पोटापुरतं खाऊन बाजूला व्हायची. बिस्किट मात्र कधीच बाजूला होत नसे. डोंगराळ मुलखातलं तट्टू ते. मिळेल ते आणि मिळेल तेवढं खायचं, ही त्याच्या रक्तातली रीत. मी म्हणायचो, "खाऊ दे बिचाऱ्याला, थंडी किती आहे."

जानेवारी २०१९ मधली ती सकाळ. बाहेर सगळं दहिवरानं पांढरं झालेलं. रोज माझी चाहूल लागताच दाराशी येऊन खिंकाळणारं बिस्किट आत कोपऱ्यात उभं होतं. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकलेले, अंगाचा सगळा भार मागे. जणू पुढच्या पायांखाली निखारे आहेत. हाक मारली तर पाऊल उचलेना. खुराला हात लावला तर एवढ्या थंडीत खूर गरम. नात मागून आली, तिनं पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. ते न बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टर आल्या. त्यांना बघताक्षणी कळलं. याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आत हाड आणि खुराची भिंत यांना जोडणारे पापुद्रे असतात. त्यांना इजा होते आणि ते सुटू लागतात. दुखणं बळावलं तर आतलं हाड खाली फिरतं, आणि मग काही वेळा जनावराला झोपवण्यावाचून इलाज उरत नाही. अशा तट्टांच्या शरीरात साखर जास्त गेली की इन्शुलिन वाढतं आणि त्यातून हे दुखणं ओढवतं. डॉक्टरांनी औषध दिलं, खाली मऊ आणि जाड अंथरायला सांगितलं. मग वही काढून एकच प्रश्न विचारला, "रोज किती किलो घालता?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. जाळीभर घालतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. जाळी किती किलोची? माहीत नाही. त्यात पाणी किती, कोरडं किती? माहीत नाही. गवतात साखर किती? तपासलीच नव्हती. ज्या मास्तरानं पेपर तपासताना अर्धा-अर्धा मार्क मोजला, त्याच्याकडे आपण खाऊ घातलेल्या घासाचा हिशेब नव्हता.

लाजेनं म्हणा, अपराधानं म्हणा, त्या रात्री मी वही घेऊन बसलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते गणित पाचवीच्या मुलालाही जमावं असं आहे. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा लागतो, पण तो पाणी वगळून. मेबल साडेचारशे किलोची, म्हणजे दोन टक्क्यांनी नऊ किलो कोरडा चारा. वाळलेल्या गवतात शंभरातले पंच्याऐंशी कोरडे, म्हणून तिला साडेदहा किलो गवत पुरतं. आमच्या हेलेजमध्ये शंभरातले साठ कोरडे धरले तर तेवढ्यासाठीच पंधरा किलो लागतं. बिस्किटला दीड टक्क्यानं पावणेचार किलो कोरडा चारा पुरे, म्हणजे सव्वासहा किलो हेलेज. दोघांचं मिळून रोजचं साधारण एकवीस किलो.

आता अडीचशे भागिले एकवीस. बारा दिवस! आणि फोडलेली गासडी चांगली राहते तीन ते पाच दिवस, कडाक्याच्या थंडीत फार तर आठवडा. म्हणजे गासडी घेतली त्याच दिवशी निम्मी वाया गेलेली होती. आम्ही ती आठ दिवसांत संपवत होतो. म्हणजे रोज दहा किलो जास्तीचे. त्यातले काही उकिरड्यावर जात होते आणि बाकीचे बिस्किटच्या पोटात. "वाया जाऊ नये" म्हणून मी जे त्याला घातलं, ते वाया गेलंच, फक्त जागा बदलली. नको असलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून कुणाच्या पोटात घालणं म्हणजे त्या पोटाला उकिरडा समजणं आहे. हे मी वयाच्या सत्तरीजवळ शिकलो.

लेकीच्या मनातला प्रश्न पहिल्याच दिवशी बरोबर होता. दोनच जनावरं, एवढी मोठी गासडी. साडेचारशे किलोची चार जनावरं असती तर रोज साठ किलो खपलं असतं आणि गासडी साधारण चार दिवसांत उडाली असती. चार तोंडं असतील तर मोठी गासडी, नाहीतर नाही. ही गोष्ट चाऱ्याच्या चांगल्या-वाईटाची नव्हतीच. हिशेबाची होती.

दुसऱ्या दिवशी लेकीनं माळ्यावरून सामान तोलायचा काटा काढला. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात तो असतोच. विमानात तेवीस किलोच्या वर एक चकली जास्त झाली तरी पंचाईत, म्हणून. तो आम्ही तबेल्याच्या तुळईला टांगला. मेबलसाठी वीस किलोची लहान बंद पुडकी आणली. किलोमागे ती बरीच महाग, पण दीड दिवसात संपणारी. त्यामुळे बुरशीचा प्रश्न नाही आणि खोकलाही आटोक्यात. बिस्किटसाठी उशिरा कापलेलं, दांडे जास्त आणि पानं कमी असलेलं साधं वाळलेलं गवत. ते कोरडं असतानाच तोलायचं, रात्रभर पाण्यात बुडवायचं, सकाळी निथळायचं आणि बारीक भोकांच्या जाळीतून द्यायचं. भिजवल्यानं साखर थोडीफार पाण्यात उतरते. सकाळी ते पाणी चहासारखं तांबूस दिसायचं. थंडीत टबावर बर्फाची खापरी जमायची, ती फोडून जाळी बाहेर काढताना बोटं बधिर व्हायची. ते काम मी मार्चअखेर परतेपर्यंत कुणाला करू दिलं नाही.

बारीक भोकांची जाळी का, तर घोड्याला उपाशी ठेवता येत नाही. त्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. लाळ मात्र चावलं तरच सुटते, आणि त्या लाळेनंच आम्ल शमतं. किलोभर गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात. तेवढीच चंदी तो दहा-पंधरा मिनिटांत फस्त करतो. म्हणून घोड्याला हवं असतं सामान्य, चरबरीत आणि पुष्कळ. गायीचं तसं नाही. तिचं कोठार पुढे आहे. आंबवणं आधी होतं, रवंथ होतो, मग पुढचं पचन. घोड्याचं आंबवणीचं कोठार मागे, आतड्याच्या शेवटी. "जनावर ते जनावर" हे माझं वाक्य तिथेच खोटं पडतं. ओल्या मुरघासात माती गेली किंवा एखादा उंदीर मेला तर त्यातून बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि त्या विषाला घोडा फार लवकर बळी पडतो.

उंदरावरून आठवलं. शिवाजी महाराजांचं एक पत्र मी वर्गात कितीदा समजावून सांगितलं असेल. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या आसपासचं, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणीला राहिलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना लिहिलेलं. आम्ही शिकवायचो ते महाराजांना रयतेची किती काळजी होती ते दाखवायला. ते आहेच. पण त्या रात्री डर्बीशरमध्ये मला ते पत्र पहिल्यांदा गवताचं पत्र म्हणून आठवलं. महाराजांचं म्हणणं असं की पावसाळाभर पुरावं म्हणून दाणा आणि गवत साठवून दिलं आहे, ते आताच मन मानेल तसं उधळाल तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही रयतेच्या दारी जाल, आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. पुढे आगीची काळजी आहे. आगट्या, चिलमी, रात्रीचे दिवे. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत जळेल, इथवर त्यांनी विचार केला आहे.

एका राजानं गवताच्या बाबतीत उंदरापर्यंत विचार करावा! आम्ही ते वाचून मुलांकडून 'महाराजांची दूरदृष्टी' अशी चार ओळींची टीप लिहून घेतली आणि पुढच्या धड्याकडे वळलो. प्लॅस्टिकच्या गासडीचाही वैरी उंदीरच आहे. तो भोक पाडतो, हवा शिरते, आतून गासडी सडते. साडेतीनशे वर्षांत गवत राखायची रीत बदलली, पण उंदीर आणि हिशेब दोन्ही तिथेच आहेत.

तर आता माझं मत. ते कुणाला जुनाट वाटेल, वाटू दे.

हौशी माणसाच्या घोड्याला, जो आठवड्यातून दोन-तीनदा फेरी मारतो आणि उरलेला वेळ उभा असतो, चांगलं वाळलेलं साधं गवतच योग्य. हेलेज बहुधा कोवळ्या गवताचं करतात. त्यात जोम जास्त असतो. तो जोम खर्च करणारं काम घोड्याला नसेल तर तो त्याच्या अंगावर येतो, नाहीतर पायावर. हेलेज द्यावं दम्याच्या घोड्याला किंवा भरपूर राबणाऱ्याला, आणि तेही पुरेशी तोंडं असतील किंवा लहान पुडकी परवडत असतील तरच. जातिवंत तट्टू असेल, अंगानं सुटलेलं असेल, एकदा लॅमिनायटिस होऊन गेला असेल, तर गवत तपासून घ्यावं. कारण हेलेजमध्ये साखर कमीच असते असं म्हणणारे असतात, आणि जास्तच असते असं म्हणणारेही असतात. दोघांचंही अर्धंच खरं. मुरताना काही साखर खर्च होते, पण कोरड्या गासडीत बरीच उरतेही. वासावरून आणि रंगावरून ते कळत नाही, प्रयोगशाळेतूनच कळतं. वाळल्या गवताचंही तेच. आणि चारा बदलायचा झाला तर दहा-पंधरा दिवस घेऊन हळूहळू बदलावा. आम्ही तो एका दुपारीत बदलला होता.

यावर कुणी म्हणेल, दम्याच्या घोड्यालाही गवत वाफवून देता येतं. येतं. वाफेनं बुरशी मरते, धूळ बसते, साखर मात्र तशीच राहते. कुणी म्हणेल, हेलेज सोपं, भिजवा-वाळवायची कटकट नाही. तेही खरं. पण नीट बघितलं तर बहुतेक वेळा आपण चारा आपल्या सोयीनं निवडतो आणि नाव जनावराचं सांगतो. मीही मेबलचा खोकला पुढे केला होता. खोकला खरा होता. पण गासडी स्वस्त होती आणि माझं म्हणणं खरं ठरवायची मला घाई होती, ही कारणं मी सांगितली नव्हती.

आणि हे पाहा, मुरवणं ही पावसाळी हवेच्या मुलखाची सोय आहे. त्यांना ऊन मिळत नाही, म्हणून ते प्लॅस्टिक गुंडाळतात. ते गुंडाळलेलं प्लॅस्टिक पुढे कुठे टाकायचं हा त्यांचा वेगळाच घोर. आपल्याकडे पाऊस सरला की दिवाळीपासून कडकडीत ऊन, फुकट. आपली खोड वेगळी आहे. आपण गवत दाणा धरून, पिवळं पडून, त्यातला कस गेल्यावर कापतो. तेव्हा या माझ्या विद्यार्थ्यानं प्लॅस्टिकच्या मागे लागण्याऐवजी गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापावं, पाऊस उघडल्याची खात्री करून दोन दिवस जास्त वाळवावं, छपराखाली फळ्यांवर रचावं. मुरघास गायींना घालावा. आणि आधी, सगळ्याच्या आधी, एक काटा आणावा.

बिस्किट वाचलं. हाड फिरलं नव्हतं, हे नशीब. पण चार महिने त्याच्यावर कुणी बसलं नाही, आणि उड्या मारायचं तर कायमचं सुटलं. मेबल २०२२ साली म्हातारपणानं गेली. नात आता कॉलेजात आहे. बिस्किट म्हातारं झालंय, पण आहे. परवा या फोननंतर मी लेकीला विचारलं, तर तिनं फोटो पाठवला. तुळईला तोच काटा, त्याला लटकलेली जाळी, आणि खाली रागावल्यासारखं बघणारं बिस्किट. कमी भरली म्हणून.

२०१९ च्या मार्चमध्ये मी परत आलो तेव्हा सामान तोलायला घरात काटा नव्हता. अंदाजानं भरलेली बॅग विमानतळावर दोन किलो जास्त भरली. रांगेत सगळ्यांसमोर ती उघडून नातीनं दिलेली जाड पुस्तकं हातात घ्यावी लागली. म्हटलं, ठीक आहे. काटा योग्य ठिकाणी आहे.

असो. ज्यांच्या दारी घोडं आहे, गाय आहे, निदान कुत्रं-मांजर आहे, त्यांनी आज संध्याकाळी घालता ते एकदा तोलून बघा. आणि किती निघालं ते मला नाही कळवलंत तरी चालेल, स्वतःच्या वहीत मात्र लिहून ठेवा.